मदत हवी आहे: पेठेत उंच हॉटेल येतंय, खोदाईआधी शेजाऱ्यांनी काय करून घ्यावं?

नमस्कार मंडळी. पुण्यात, पेठेतल्या आमच्या गल्लीत पाडलेल्या वाड्याच्या जागी दोन तळघरांचं उंच हॉटेल प्रस्तावित आहे. दुकानदार खूश आहेत, धंदा वाढेल ही त्यांची आशा रास्तच आहे. पण खरी काळजी उंचीची नाही, खोदाईची. शेजारच्या जुन्या घरांचे पाये दगड-मातीचे आणि उथळ. खड्ड्यातलं पाणी सतत उपसलं की आजूबाजूची पाणीपातळी उतरते, बारीक माती वाहून जाते, पाया एका अंगाने खचतो आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात.

कामाआधी सगळ्या भिंतींचे तारखेसह फोटो काढतोय. जुन्या भेगांवर आडव्या काचपट्ट्या दोन्ही टोकांना पक्क्या चिकटवायच्या. काच तडकली की भेग हलली समजायचं. मंजूर नकाशे आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला माहिती अधिकारात मागवणार (फी १० रुपये, मुदत ३० दिवस). बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते, तीही बघू.

जाणकारांना विचारायचंय: खोदाईपूर्व पाहणीचा अहवाल बिल्डरच्या सहीनिशी कसा करून घ्यावा? आणि खड्ड्याच्या कडेला शोअरिंगचं (माती ढासळू नये म्हणून दिलेल्या आधाराचं) डिझाइन शेजाऱ्यांना कुठे बघायला मिळतं?