अनुभव धागा : गिटार किंवा बेस तुम्ही कोणामुळे हाती घेतलीत?

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मित्राच्या गच्चीवर आम्ही सात-आठ जण आपापल्या गिटारी घेऊन जमलो होतो. वाजवणे कमी आणि तारा जुळवणे जास्त असा नेहमीचा कार्यक्रम चालू असताना एकाने सहज विचारले, की प्रत्येकाने हे वाद्य नेमके कोणामुळे हाती घेतले. उत्तरे इतकी अनपेक्षित निघाली की चहा दोनदा गरम करावा लागला. सांगली-मिरजेत काय किंवा साताऱ्याकडे काय, वाद्य शिकायचे म्हणजे पेटी, तबला, फार तर सतार असा रिवाज असताना माणसे गिटारकडे आणि त्यातही बेसकडे, म्हणजे जाड तारांच्या, खालच्या सुरांच्या गिटारकडे, वळली कशी, हे एकत्र लिहून ठेवावेसे वाटले, म्हणून हे निमंत्रण. विनंती एवढीच, की वादकाचे नाव सांगून थांबू नये. तो आवाज आपल्यापर्यंत कसा पोहोचला आणि त्यानंतर आपण काय केलेत, तेही लिहावे. आज आपण किती उत्तम वाजवता हे लिहिण्याचे बंधन नाही.

सुरुवात मीच करतो. आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा, १९३३ सालचा. त्यामुळे रेडिओवर त्यांचे गाणे लागले की आमच्या आजीला माहेरवाशीण घरी आल्यासारखे वाटे. ‘यादों की बारात’ या १९७३ च्या चित्रपटातले त्यांचे गिटारच्या सुरावटीने सुरू होणारे गाणे लागले, की आजी शब्दांची वाट पाहत असे आणि मी त्याआधीच्या छेडलेल्या तारांची. ती गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली आहे, हे मला फार उशिरा कळले. ज्यांच्या गझलांच्या कॅसेट आमच्याच कपाटात होत्या, त्याच गिटारवादकाचे नाव मी इतकी वर्षे दुसरीकडे शोधत होतो.

मेढा, सध्या सातारा

मी अकरावीला असताना मेढ्याहून साताऱ्याला वडापने ये-जा करीत असे. ज्या जीपमध्ये मी बसायचो तिच्या चालकाने मागच्या बाकाखाली लाकडी खोक्यात मोठा स्पीकर बसवून घेतला होता आणि त्याच्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांखेरीज दुसरे काही नसे. आमच्या घरी ट्रान्झिस्टरवर हीच गाणी मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्या बाकावर बसल्यावर गाण्याच्या तळाशी आणखी कोणीतरी चालते आहे असे जाणवू लागले. पहिल्या दिवशी मला तो गाडीतला बिघाड वाटला. चालकाला विचारले तेव्हा तो आरशातून पाहत म्हणाला, “आरं, बेस हाय त्यो. बरा घुमतोय न्हवं?”

त्यामागचे कारण मला पुष्कळ वर्षांनी समजले. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, आणि एवढ्या सावकाश कंपनांसाठी जितकी हवा हलवावी लागते तितकी हलवणे ट्रान्झिस्टरच्या वाटीएवढ्या स्पीकरला जमत नाही. म्हणजे घरी मी इतकी वर्षे पायाशिवायचे घर पाहत होतो. मग ती बेस वाजवणारा माणूस कोण, याचा शोध सुरू केला. कॅसेटच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक, इतकेच काय, चित्रपटाच्या निर्मात्याचेही नाव असे. वादकांचे मात्र कधीच नसे. टोनी वाझ हे नाव मला एका लेखात मिळाले तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. बर्मन यांच्या वाद्यवृंदात त्यांनी दीर्घकाळ बेस वाजवली.

बेस विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून पहिली दोन वर्षे मी साध्या गिटारच्या चार जाड तारांवरच सराव केला. बेसच्या चार तारा त्याच स्वरांत, फक्त एक सप्तक खाली जुळवलेल्या असतात, त्यामुळे बोटांना वळण लागते. ज्यांना घाई आहे पण पैसा नाही, त्यांनी हा मार्ग धरायला हरकत नाही.

मिरज

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून सतारी आणि तंबोरे बनतात. शस्त्रांना धार लावणारे मिरजेतले शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले ही हकिगत इकडे सर्वांना ठाऊक आहे, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. लिहायचे ते वडिलांविषयी, कारण इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन यांना मी प्रथम ऐकले ते वडिलांच्या कामाच्या जागी बसून.

‘शक्ती’ या वाद्यवृंदाचे १९७० च्या दशकातले एक चित्रण मी मोबाइलवर लावले होते. झाकिर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर, विक्कू विनायकराम घटमवर आणि मधोमध मांडी घालून बसलेला हा गोरा माणूस गिटार घेऊन. मला त्यांचा वेग पाहून घाम फुटला. वडील तारांखालच्या घोडीवर कानस फिरवून जवारी, म्हणजे सुराची गुंज, काढत होते, त्यांनी मान वर केली, मोबाइल जवळ ओढला आणि वेगाबद्दल अवाक्षर न काढता म्हणाले, “ह्यानं गिटारीला तरफा लावल्यात.” खरोखरच त्या गिटारच्या पोकळीवरून तिरक्या जाणाऱ्या, आपोआप गुंजणाऱ्या जास्तीच्या तारा दिसत होत्या. नंतर त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. दोन फ्रेटांमधले, म्हणजे गिटारच्या पडद्यांमधले, लाकूड कोरून खोलगट केलेले होते, त्यामुळे बोटाचे टोक लाकडाला घासत नव्हते आणि तार मनासारखी ओढता येत होती. वडिलांच्या दृष्टीने गिटारचा मोठा दोष हाच होता, की तिच्यावर सतारीसारखी मींड निघत नाही. सतारीच्या एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच स्वर काढता येतात, आणि शिवाय तिचे पडदे सरकवता येतात. गिटारचे मात्र कायमचे ठोकलेले. “पण इलाज केलाय गड्यानं,” एवढे प्रशस्तिपत्र देऊन ते पुन्हा कानशीकडे वळले.

मी गिटार शिकायला लागल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी माझ्या स्वस्तातल्या गिटारचा दांडा मागून घेतला आणि अर्धगोल कानशीने दोन रात्री बसून तो बारा घरांपर्यंत कोरून दिला. त्याचा परिणाम असा झाला, की जरा जोर पडला तरी स्वर चढू लागला आणि माझा हात किती जड आहे हे अख्ख्या घराला समजले. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते, तेथे लहानपणापासून रात्र-रात्र तंबोरा ऐकलेल्या घरात स्वर चढलेला खपत नाही. हात हलका व्हायला मला वर्ष लागले. ते श्रेय मॅक्लॉक्लिन यांना द्यावे की कानशीला, हा प्रश्न मी सोडून दिला आहे.

तासगाव

वरील अनुभव फार मोठे आहेत. माझा लहान आहे. शेजाऱ्याने उसने घेतलेले दोन हजार रुपये परत न करता गिटार आणून ठेवली आणि तो पुण्याला गेला. घरात आलेली वस्तू पडून राहू नये म्हणून शिकलो. प्रेरणा म्हणून त्याचेच नाव घ्यावे लागेल, पण ते मी घेणार नाही.

कुपवाड

मी टर्नर आहे. पूर्वी एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होतो आणि तेथेच उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवीत असे, ती अर्थातच सुटली. सर्वांनी धीर दिला, परंतु भजनाच्या रात्री मी मुद्दाम दुसऱ्या पाळीत काम मागून घेत असे, यावरून काय ते समजावे.

माझा पुतण्या कर्कश संगीत ऐकणारा आहे. त्याने एके दिवशी ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्रज वाद्यवृंदाचे गिटारवादक टोनी आयोमी यांची हकिगत सांगितली. बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात काम करताना वयाच्या सतराव्या वर्षी त्यांच्याही उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली, आणि तो त्यांचा तेथील शेवटचा दिवस होता. त्यांच्या फोरमनने त्यांना जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची तबकडी ऐकवली. राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ मध्ये आगीत भाजून निकामी झाली होती, तरी उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी युरोप गाजवला. मग आयोमी यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले, तारा बारीक वापरल्या, आणि पुढे त्या सैल जुळवल्या. ‘ब्लॅक सॅबथ’चा तो जड, खालचा आवाज पुतण्याला इतका प्रिय आहे, त्यामागे काही अंशी दुखरी बोटे आहेत, हे ऐकल्यावर मला तो कर्कश वाटेनासा झाला.

बोटाला टोपी करायची म्हणजे ते माझेच काम. नायलॉनचा रॉड घेतला, लेथवर लावला, आतून बोटाच्या उताराप्रमाणे बोअर मारला, बाहेरून निमुळता केला. पहिल्या दोन टोप्या सैल झाल्या. तिसरी घट्ट बसली पण तारेवरून घसरू लागली, तेव्हा चांभाराकडून चपलेच्या चामड्याचा पातळ तुकडा तासून घेतला आणि तो वर चिकटवला. या सर्व तयारीनिशी मी सांगलीला गिटार शिकवणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. त्यांनी टोप्या हातात घेऊन मनापासून वाखाणल्या आणि नंतर विचारले, “आपण डावखुरे आहात का?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “आयोमी डावखुरे आहेत. ते उजव्या हाताने तारा दाबतात. आपण उजवे; तारा डाव्या हाताने दाबायच्या, आणि उजव्या हातात अंगठा व पहिले बोट यांत नखी धरायची. आपले काहीच अडत नाही.”

अशा रीतीने, ज्यांची नक्कल करायला मी निघालो त्यांच्यापेक्षा माझी अडचण फारच किरकोळ निघाली. गिटार मी पाच वर्षे वाजवतो आहे. टोप्या मी टाकल्या नाहीत. एकादशीला त्या बोटांत घालून पेटीवर बसतो. चामड्यामुळे काळी पट्टी निसटत नाही.

कऱ्हाड

मी गणित शिकवते. माझी मुलगी बेसवादक मोहिनी डे यांची चित्रणे पाहत असे आणि मी मागून जाता-येता ऐकत असे. एकदा त्या बोटांनी वाजवताना तोंडाने कर्नाटक पद्धतीचे तालाचे बोल म्हणत होत्या, आणि प्रत्येक बोल तारेवर जसाच्या तसा उमटत होता. मी हातातले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे खाली ठेवले आणि मात्रा मोजू लागले. त्यांचा जन्म १९९६ चा, वडीलही बेसवादक, आणि शिकवणी अगदी बालपणीच सुरू झालेली. माझी त्रेचाळिसाव्या वर्षी सुरू झाली. मुलीने महिनाभरात नाद सोडला. बेस घरात होती, म्हणून मी घेतली.

बेसचा दांडा लांब असतो. गिटारवर तारेची लांबी साधारण साडेपंचवीस इंच, तर बेसवर चौतीस. पहिल्या घरांत माझ्या लहान हाताची बोटे पोहोचेनात, तेव्हा आखूड दांड्याचीही बेस मिळते हे मला कोणीच सांगितले नव्हते, दुकानदारानेही नाही. बायकांनी आणि मुलांनी आधी तीच पाहावी. खांद्याचे मात्र काही सांगू नये. चार किलो वजन तासभर गळ्यात अडकवून उभे राहिल्यावर कळते, की पट्टा रुंद हवा.

सांगली, गावभाग

मी मुळात गिटारवाला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाच दिवस पाणी होते. पाणी ओसरल्यावर गिटार उचलली तर मागची फळी सरस सुटून हातात आली आणि बाकीची चिखलात राहिली. तिच्याच शेजारी भावाची बेस होती. भाऊ मुंबईला गेल्यापासून ती कोणी वाजवीत नव्हते. ती भरीव लाकडाची, म्हणून शाबूत. नळाखाली धुतली, आठवडाभर सावलीत वाळवली, आतले आवाज कमी-जास्त करणारे दोन पॉट आणि वायर जोडण्याचा जॅक बदलून घेतला आणि ती बोलू लागली. त्यामुळे प्रेरणा आधी पुराची, वादकाची नंतर.

तो वादक म्हणजे जेम्स जेमर्सन. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत त्यांनी बेस वाजवली आणि बहुतेक वेळा उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवली. मेढ्याच्या गृहस्थांनी वर वेष्टनावरच्या नावांबद्दल लिहिले आहे. तिकडेही तीच रीत होती. मोटाऊनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जाऊ लागली ती १९७१ मध्ये, तोपर्यंत लोकांनी दशकभर त्यांच्या बेसवर पायाने ताल धरला होता आणि तो माणूस कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते. पूरग्रस्तांच्या शाळेतल्या मुक्कामात एका स्वयंसेवकाच्या मोबाइलवर मी ती गाणी प्रथम लक्ष देऊन ऐकली. झोप लागत नव्हती, आणि गाणारा काय म्हणतो हे समजत नव्हते, म्हणून कान आपोआप खाली गेले.

एका बोटाने वाजवण्याचा प्रयत्न मी अजून करतो, दोन बोटे मध्येच लुडबुड करतात. जेमर्सन तारा सहसा बदलत नसत, त्यांवर साचलेल्या मळातच खरा आवाज आहे असे ते मानत, हे वाचून मीही पुरातल्या तारा तशाच ठेवून पाहिल्या. चौथ्या दिवशी त्या काढल्या. त्यांच्या तारांना कृष्णेचा गाळ लागलेला नव्हता.