पगारवाढ बघ, पण टीमही बघ
पहिली नोकरी 14 महिन्यांत सोडून 30 टक्के वाढीवर पवईला जाऊ का, असं विचारलंस. जा, पण तुझा कोड कोण तपासणार हे मुलाखतीतच विचारून घे. सुरुवातीच्या वर्षांत चुका दाखवणारा सीनियर मिळणं मला पगाराइतकंच मोलाचं वाटतं. लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा नको. आणि कृपा करून पीएफ काढू नकोस! यूएएनवरून, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावरून, नव्या खात्यात ट्रान्सफर कर. सलग 5 वर्षं नोकरी पूर्ण होण्याआधी काढलास तर त्यावर कर लागू शकतो. ट्रान्सफर केलास तर त्या 5 वर्षांत आधीची नोकरीही धरली जाते. डोंबिवलीहून येणार ना? कांजूरमार्गला उतरून पवईपर्यंतचा सकाळचा रिक्षाप्रवास एकदा करून बघ, मगच होकार कळव.