ऑझी गेला म्हणून सिडकोत कुणी रडलं, तर कुणाचं काय बिघडलं?

अंबड_तिसरी_पाळी

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांची पोस्ट फिरतेय. २२ जुलै २०२५ ला ब्रिटिश रॉक गायक ऑझी ऑस्बोर्न गेला. त्यानंतरच्या सुट्टीला नाशिकच्या सिडकोतल्या एका गच्चीवर आम्ही काही जण जमलो, पत्र्याच्या शेडखाली बसून त्याची गाणी ऐकली. दोघंतिघं रडले. कुणीतरी व्हिडिओ स्टेटसला ठेवला. त्यावर काका लिहितात, 'वटवाघळाचं मुंडकं चावणाऱ्या व्यसनी गोऱ्यासाठी नाशिकची पोरं रडतात. आपल्या मातीतले कलाकार जातात तेव्हा यांना पत्ताही नसतो. हे दुःख नाही, थेर आहेत.' खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं की ॲडमिन बाहेर काढतो, म्हणून इथे लिहितोय.

आधी ते वटवाघूळ. जानेवारी १९८२, अमेरिकेतलं डे मॉइन. प्रेक्षकांतून कुणीतरी ते स्टेजवर फेकलं, याला वाटलं रबराचं आहे. पुढे रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या आयुष्यातलं लोकांना तेवढंच पाठ आहे.

आता हा 'गोरा' कोण होता ते ऐका. बर्मिंगहॅममधलं ॲस्टन, कारखान्यांना टेकून वसलेली कामगार वस्ती. बाप टूलमेकर, रात्रपाळीला जाणारा. आई कारखान्यात. घरात सहा भावंडं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग कत्तलखान्यात काम, मोटारीचे हॉर्न तपासायचं काम, घरफोडीसाठी थोडे दिवस तुरुंगही. त्याच भागातल्या चौघांनी १९६८ मध्ये बँड काढला, तोच पुढे ब्लॅक सॅबथ. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस. प्रेसवरचा, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवरचा, माणूस आला नाही म्हणून याला मशीनवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या, पुढे सूर उतरवून तारा सैल केल्या. तो जो जड, खोल आवाज निघाला, त्यातून मेटल हा संगीतप्रकार उभा राहिला.

मी कारखान्यात टूल रूमला आहे, साचे-हत्यारं बनवतो. वडील सातपूरला प्रेस शॉपमध्ये होते. मला हे संगीत परकं कधी वाटलंच नाही. पाळी सुटल्यावर घरी येऊन आडवं पडलं तरी कानात प्रेसचा ठोका चालू असतो. तो ठोका ज्यांनी गाण्यात आणला ती माणसं माझीच आहेत.

५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. पार्किन्सन्समुळे उभं राहता येत नव्हतं, काळ्या सिंहासनावर बसून गायला. मूळ चौघं २००५ नंतर पहिल्यांदा एकत्र. पैसा पार्किन्सन्सच्या संशोधनासाठी आणि मुलांच्या रुग्णालयासाठी. आणि १७ दिवसांनी माणूस गेला. हे बघून ज्याच्या डोळ्यात पाणी येतं, त्याने आधी काकांची परवानगी काढायची का?

गोदाकाठ

ते काका मी नाही, पण मी त्यांच्याच बाजूचा आहे.

रडण्याला हरकत नाही. हरकत आहे ती एवढीच, की हे रडणं फक्त लांबच्या माणसासाठीच का राखून ठेवलेलं असतं? शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला, आयुष्यातली शेवटची काही वर्षं याच गावात घालवली. तुमच्या गच्चीवरच्या किती जणांना तो आश्रम कुठे होता हे सांगता येईल? लोककवी, शाहीर वामनदादा कर्डक आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १५ मे २००४ ला नाशिकमध्ये गेले. तेव्हा कुठल्या गच्चीवर जमला होतात?

मी तबला शिकवतो. चांगल्या कलाकाराची बैठक ठेवायची तर हॉलचं भाडं खिशातून भरतो, समोर मोजकी डोकी, त्यातली निम्मी माझीच शिष्यमंडळी. पोरं दोन महिने ठेका धरतात आणि मग घरी गिटार मागतात. आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. कानठळ्या बसवणं आणि संगीत यात काही फरक उरलाय की नाही?

ढोलपथक_जुने_नाशिक

गोदाकाठ काका, आवाजाचं सोडा. नाशिक ढोल अख्ख्या महाराष्ट्रात जातो तो काय कुजबुजायला? भद्रकालीच्या बोळात पन्नास ढोल एकदम पडले की छातीत जे होतं, तेच या पोरांना तिकडे होतं. मला मेटल कळत नाही, पण हे कळतं.

गोदाकाठ

ढोलाला ताल आहे, परंपरा आहे. आणि तुम्ही तरी ढोल वाजवता. विसर्जनाला डीजेच्या भिंती लागतात तेव्हा माझ्या घराच्या खिडक्या हादरतात, आई ब्याऐंशी वर्षांची आहे, तिला घेऊन आम्ही दरवर्षी मेहुण्यांकडे जातो. त्यावर कधी धागा निघत नाही.

देशवंडीची_लेक

डीजे नंतर. आधी वामनदादा.

गोदाकाठ, दुसऱ्याच्या पाठीत घालायला काठी म्हणून त्यांचं नाव वापरू नका. ते गेले तेव्हा कोण जमलं होतं ते मला विचारा. आमच्या वस्तीत त्या दिवशी चूल पेटली नाही. माझ्या वडिलांना लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण दादांची गाणी त्यांना ओळीनं पाठ. बाबासाहेब आम्हाला पुस्तकातून नंतर कळले, आधी कळले ते दादांच्या गाण्यातून. रात्र रात्र जलसे चालायचे, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, खाली सतरंजीसुद्धा नाही. ते हयात असताना तुमच्या बैठकींचं किती वेळा आमंत्रण होतं त्यांना? हॉलचं भाडं परवडत नाही म्हणता, आमचे शाहीर तर हॉलच्या दारापर्यंतही पोचले नाहीत. आज ऑझीशी भांडायचंय म्हणून तुम्हाला दादा आठवले.

आणि अंबडवाले, तुम्ही वटवाघळाचा खुलासा तारीखवार केलात. १९८९ चं का नाही लिहिलं? नशेत स्वतःच्या बायकोचा गळा आवळला, खुनाच्या प्रयत्नासाठी अटक झाली. तिने तक्रार पुढे नेली नाही. 'आमच्यातलाच कामगाराचा पोरगा' म्हणून गळ्यात पडताना हेही आमच्यातलंच आहे, हे विसरू नका. वस्तीत असले नवरे मी पाहिलेत, आणि त्यांच्या अंत्ययात्रेत 'मनाने लई चांगला होता' म्हणणारेही.

अंबड_तिसरी_पाळी

ताई, ते झालं ते खरं आहे आणि त्याला मी दारूची ढाल करणार नाही. काकांनी काढलं नव्हतं म्हणून माझ्याही उत्तरात आलं नाही. तो देव होता असं माझं म्हणणं नाहीच. त्याच्या आवाजाने माझी वाईट वर्षं निभावली, तेवढ्याचे माझे अश्रू आहेत. बायकोने माफ केलं की नाही हा तिचा हक्क, तो मी त्याच्या वतीने वापरणार नाही.

देशवंडीची_लेक

एवढं स्वच्छ बोलणार असाल तर ठीक. पुढच्या वेळी न विचारता बोला.

शिफ्ट_इनचार्ज_निवृत्त

मला ऑझीबिझी माहीत नाही. पण त्या बोटांबद्दल जे हळवं होऊन लिहिलंय त्यावर बोलतो, कारण उभी हयात सातपूर आणि अंबडच्या प्रेस शॉपमध्ये गेली.

प्रत्येक बोटामागे दुष्ट मालक असतो हा गैरसमज आहे. दोन हातांची बटणं आम्ही बसवली. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा ठोकणारा भाग, खाली येत नाही, म्हणजे हात डायमध्ये (साच्यात) राहूच शकत नाही. ऑपरेटर काय करतो? एका बटणात काडी खुपसतो, नाहीतर वरून चिकटपट्टी, आणि एका हाताने जॉब लावत दुसऱ्याने मारत सुटतो. जॉब लावायला चिमटा दिला तर तो बाजूला ठेवतो, हाताने लवकर होतं म्हणतो. गार्ड काढून ठेवलेले मी स्वतः पुन्हा लावलेत. मग बोट गेलं की कंपनीच्या नावाने शिमगा.

अंबड_तिसरी_पाळी

साहेब, काडी कोण खुपसतो ते मलाही माहीत आहे. का खुपसतो ते तुम्ही गिळलंत. पाळीला जेवढे नग काढायला सांगता तेवढे दोन्ही बटणं दाबून निघतच नाहीत, हे तुमच्या वहीला ठाऊक असतं. नग कमी भरले की दुसऱ्या दिवशी गेटवर ठेकेदार सांगतो, 'आज काम नाही.' आणि बटणं तरी किती ठिकाणी? लहान शेडांमधून जुन्या प्रेसवर आजही पायाचं पॅडल आहे. पाय चुकून पडला की संपलं. फॅक्टरी ॲक्ट १९४८ चा (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली), त्याचं कलम २१ धोक्याच्या भागांना कुंपण घाला असं सांगायचं. कायदा आहे. गार्ड कपाटावर असतो, तपासणीच्या दिवशी खाली येतो.

माझ्या वडिलांचं उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली. कामगार भरपाईच्या सरकारी तक्त्यात त्याला ११ टक्के अपंगत्व लिहिलंय. एक पेर गेलं तर ९, अख्खी तर्जनी गेली तर १४. मधल्या बोटाचं एक पेर ७, अनामिकेचं ५. आयोमीचं एकेक पेर धरलं तर आपल्याकडे तो १२ टक्क्यांचा माणूस. ज्या हाताने अख्खा संगीतप्रकार उभा केला तो हात आपल्या कागदावर एवढाच. वडिलांना नंतर शर्टाचं वरचं बटण लावता यायचं नाही, आई लावून द्यायची. बाहेर कुणी हात पुढे केला की ते नमस्कार करायचे. त्याची टक्केवारी तक्त्यात नाही.

शिफ्ट_इनचार्ज_निवृत्त

आवाज चढवू नका. टार्गेट वरून यायचं, माझ्या घरून नाही. मी नाही म्हटलं असतं तर माझ्या जागी दुसरा उभा होता.

देशवंडीची_लेक

हेच वाक्य प्रेसवरचा पोरगाही म्हणतो, साहेब. नग काढले नाहीत तर माझ्या जागी दुसरा उभा आहे. फरक एवढाच, की बोट त्याचं जातं.

पिंपळगाव_द्राक्ष

धागा ऑझीवर होता ना भो? तुम्ही लोक कुठे पोचलात.

मी शेतकरी माणूस. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन हा मेटल बँड बंगळूरला आला तेव्हा ऐन काढणीत बाग चुलतभावावर टाकून गेलो होतो. वडील महिनाभर बोलले नाहीत. तिथे मैदानात हजारो पोरं काळ्या टीशर्टात, एकमेकांची भाषा येत नाही आणि गाणं सगळ्यांना पाठ. त्या पोरांना मेटल ज्या बँडने दिलं तो सॅबथ. आता तो गायक गेला तर मला घरातलं कुणी गेल्यासारखं झालं. गारपिटीत बाग गेली त्या वर्षी रात्री मोटर चालू करायला जायचो तेव्हा कानात हेच असायचं. गोदाकाठ काका, मला भजनही आवडतं. एकावर जीव लावला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही.

गोदाकाठ

पिंपळगावकर, तुमच्यावर माझा राग नाही. देशवंडीच्या ताईंनी जे सुनावलं ते मला लागलं. आमच्या बैठकीत शाहीर बोलावले नाहीत हे खरं, पण तो माझ्या एकट्याचा निर्णय नव्हता, आणि सगळं खापर तबलजीवर फोडणंही बरोबर नाही. तुमची गाणी मला गोंगाटच वाटणार. तो माणूस बसून गायला हे वाचून मात्र वाईट वाटलं. आमचे गुरुजी शेवटी हात थरथरत असताना ठेका धरून बसायचे. रडा. पण आमच्याकडेही एखाद्या संध्याकाळी या, तिकीट नसतं.

अंबड_तिसरी_पाळी

येईन. दुसऱ्या पाळीला नसलो तर नक्की.

नवीन_सदस्य_सातपूर

मी नुसता वाचत होतो. बोटांचं आलं म्हणून विचारतो. माझ्या धाकट्या भावाचं आखाडातच मधलं बोट गेलं, पॅडलच्या प्रेसवर. भाऊ हेल्पर म्हणून लागला होता, मशीनवर बसवायचं ठरलं नव्हतं. ठेकेदाराने खासगी दवाखान्यात नेलं, टाके घालून घरी सोडलं, हातात थोडे पैसे ठेवले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) कार्ड काढलेलंच नाही म्हणतात. आता काही होतं का?

देशवंडीची_लेक

कोऱ्या कागदाला घाबरू नका. आधी दवाखान्याचे सगळे कागद आणि बिलं ताब्यात घ्या. त्यावर इजा कशी झाली लिहिलंय ते वाचा. 'घरी पडून लागलं' असं लिहून ठेवतात.

शिफ्ट_इनचार्ज_निवृत्त

होतं. नीट वाचा.

पगार २१,००० च्या आत असेल आणि कंपनी ईएसआयच्या कक्षेत असेल तर कामावरच्या इजेसाठी आधी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत. पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. कार्ड काढलं नाही हा मालकाचा दोष, भावाचा नाही. कामावर जाता येत नाही त्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्के मिळतात, नंतर मेडिकल बोर्ड अपंगत्वाचे टक्के ठरवतं. कंपनी ईएसआयमध्ये बसतच नसेल तर भरपाईचा दावा कामगार भरपाईच्या सक्षम अधिकाऱ्यांकडे, अपघातापासून दोन वर्षांच्या आत.

अपघाताच्या वहीत नोंद झाली का ते विचारा, आणि लेखी विचारा. हजेरीचा काही पुरावा ठेवा: गेटपास, ठेकेदाराचे मेसेज, खात्यात आलेला पगार, त्या पाळीला सोबत असलेल्या दोघांची नावं. अंबडवाल्यांचा आणि माझा वाद वेगळा, तो मी सोडलेला नाही. निम्मी बोटं काडीमुळेच जातात हे मी उद्याही म्हणेन. पण हेल्परला पॅडलवर बसवलं असेल तर तिथे ऑपरेटरच्या चुकीचा प्रश्नच येत नाही. मला व्यक्तिगत निरोप टाका. सगळे कागद आणि भावाला घेऊन या, अर्ज मी लिहून देतो.

नवीन_सदस्य_सातपूर

निरोप टाकला साहेब. पगार रोख द्यायचे, खात्यात काहीच नाही. चालेल का?

शिफ्ट_इनचार्ज_निवृत्त

मग साक्षीदार लागतील. सोबतचे दोघं बोलायला तयार आहेत का ते आजच विचारा, ठेकेदार त्यांच्याकडे पोचायच्या आत.