वर्तमानपत्रातलं कलेचं पान गेल्यावर नक्की काय गेलं?

निळी_शाई
परवा एका ज्येष्ठ कलासमीक्षकांचं भाष्य वाचलं, वर्षानुवर्षं एकाच दैनिकात चित्रांवर लिहायचे, आता ते पानच बंद झालंय. त्यांचं म्हणणं असं की वर्तमानपत्र आकसायला लागलं की कलेच्या पानावर पहिली कात्री लागते, आणि मग लोकांची थांबून बघायची सवयच जाते. वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. पण एक शंका आहे, मतांचा तर आज पूर आलाय, एका प्रदर्शनावर फोनवर पन्नास पोस्टी दिसतात, मग हरवलं काय?

माझ्यापुरतं सांगते. शाळेत असताना खेळाचं पान शोधताना मधे यांचा कॉलम लागायचा. एकदा एका चित्रातल्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी अख्खा परिच्छेद लिहिला होता, कुणीतरी नुकतंच उठून गेलंय हे उशीवरच्या चुणीवरून कसं कळतं ते. चित्र छापलेलं काडेपेटीएवढं, काळंपांढरं, चुणी दिसतच नव्हती, तरी मी पान खिडकीशी नेऊन ती शोधत बसले होते. चित्र बघायला मी तिथून शिकले. म्हणून विचारतेय, तुम्हाला काय वाटतं?

जुना_डेस्क
एका दैनिकात बरीच वर्षं पुरवणीची पानं लावली, त्यामुळे आतून बघितलंय. चित्रांचं परीक्षण स्वतःच्या जिवावर कधीच चाललं नाही. त्याचा खर्च निघायचा छोट्या जाहिरातींवर, घर भाड्याने, नोकरी, जुनी गाडी, लग्न जुळवणं. लोक त्यासाठी अंक घ्यायचे आणि त्या पैशात समीक्षकाला पगार मिळायचा. मग क्रेगलिस्टसारख्या साइटवर त्या जाहिराती फुकट जायला लागल्या, पुढे उरलेल्या जाहिराती गूगल आणि फेसबुककडे गेल्या, आणि तो एकत्र बांधलेला गठ्ठाच सुटला. आता प्रत्येक लेखाचे क्लिक वेगळे मोजतात. परीक्षणाचे क्लिक कमी पडणारच, कारण पूर्वीही ते वाचायचं ठरवून कुणी अंक उघडत नव्हतं, तुमच्यासारखंच मधे लागायचं!

आमच्याकडे परीक्षण आधी आठशे शब्दांचं होतं, मग पाचशे, मग संध्याकाळी जाहिरात आली की अडीचशे. कापायचं काम माझंच. समीक्षकाचं मत ठेवायचो आणि वर्णन उडवायचो, कारण वर्णन कापलं तर कुणी फोन करत नाही. आज वाटतं नेमकं उलटं करायला हवं होतं, तुमची ती उशीवरची चुणी वर्णनातच असते.

तिरकी_रेघ
थोडं वेगळं मत. वर्तमानपत्री समीक्षा फार थोर होती असं आपण आता म्हणतोय, पण इतिहास बघा. १८७४ मध्ये पॅरिसच्या 'ल शारिव्हारी' या पेपरात लुई लेरॉयने मोने या चित्रकाराच्या 'इम्प्रेशन' नावाच्या सूर्योदयाच्या चित्राची टर उडवली, भिंतीवरचा कागद याहून पूर्ण दिसतो म्हणाला, आणि त्या चित्रकारांचं 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव त्या टिंगलीतूनच पसरलं. १९०५ ला समीक्षक लुई व्होसेलने चित्रकार मातिस आणि मंडळींना 'फोव्ह' म्हणजे जंगली जनावरं म्हटलं तेही पेपरातच. आणि त्याआधीच १७५९ पासून फ्रेंच लेखक दिदेरो सलोंवर, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनांवर, लिहीत होता, तेही हाताने नक्कल केलेल्या वार्तापत्रात, जे युरोपातल्या मोजक्या राजघराण्यांकडे जायचं. त्यांनी ती चित्रं पाहिलेली नसायची, म्हणून त्याला शब्दांतच चित्र उभं करावं लागायचं. म्हणजे समीक्षा वर्तमानपत्राबाहेरही होती आणि त्याच्यानंतरही राहील. आज तर फोनवर चित्र मोठं करून ब्रशचा फटकारा बघता येतो.

जुना_डेस्क
@तिरकी_रेघ मुद्दा मान्य, चुका भरपूर झाल्या. पण लेरॉय प्रदर्शन बघून आला होता आणि नावाने लिहीत होता, म्हणून तर आज दीडशे वर्षांनी आपण त्याला चूक म्हणू शकतो. आता दुसरी बाजू बघा. २०२४ मध्ये लंडनचा 'इव्हनिंग स्टँडर्ड' रोजचा बंद होऊन साप्ताहिक झाला आणि पहिल्याच अंकात व्हॅन गॉगच्या प्रदर्शनाचं परीक्षण आलं त्यांचे जुने कलासमीक्षक ब्रायन स्यूएल यांच्या शैलीत, एआयने लिहिलेलं. स्यूएल २०१५ मध्येच वारले होते. त्या परीक्षणासाठी चित्रासमोर कुणी उभंच राहिलं नाही. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं.

ओला_कॅनव्हास
मी चित्रं काढते म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. माझ्या पहिल्या प्रदर्शनाला एका दैनिकाच्या समीक्षक बाई तीनदा आल्या, तिसऱ्यांदा तर दालन बंद होताना, दिवे अर्धे गेल्यावर. काही विचारलं नाही, वही काढून उभ्या. परीक्षण चारच परिच्छेदांचं होतं आणि त्यातलं एक वाक्य असं की या चित्रांमधल्या सगळ्या माणसांचे हात खिशात, पाठीमागे किंवा पदराखाली आहेत, चित्रकार हात टाळतेय. मी घरी येऊन सगळी चित्रं पुन्हा पाहिली. एकोणीस चित्रं आणि एकही उघडा हात नाही, आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं! पुढचं वर्षभर फक्त हात काढले, स्वतःचे, आईचे, बसमध्ये झोपलेल्या माणसांचे.

गेल्या प्रदर्शनाला हजारभर लाइक आले, लोकांनी मनापासून दिले, त्यांचा आदरच आहे. पेपरात आमचीच प्रेस नोट जशीच्या तशी आली, मीच लिहिलेली. पण मला जे दिसत नाही ते कुणी सांगितलं नाही. ओळखीचे सांगत नाहीत कारण त्यांना माझं मन दुखवायचं नसतं, गॅलरी सांगत नाही कारण तिला चित्रं विकायची असतात. त्या बाईंचा पगार या दोन्हींकडून येत नव्हता.

तिरकी_रेघ
ताई, हे पटलं. उलट बोलायला माझ्याकडे काही नाही. असा पगार आता कुठून उभा राहील ते मलाही सुचत नाहीये, वर्गणीवरची न्यूजलेटरं काही लोक चालवतायत, पण ती आधीच आवड असणाऱ्यांपर्यंतच पोचतात.

निळी_शाई
सगळ्यांचे आभार, कॅनव्हासताई तुमचं तर दोनदा वाचलं. काल त्या खुर्चीचा लेख शोधला, दैनिकाची साइट बदलली तेव्हाचे सगळे जुने दुवे तुटलेत, काहीच उघडत नाही. @जुना_डेस्क, छापील अंक कुठे मिळतील का?

जुना_डेस्क
मोठ्या ग्रंथालयात महिन्यामहिन्याच्या बांधीव फायली असतात, तिथे बघा. पण तारीख लागेल. त्या दिवशी खेळाच्या पानावर काय शोधत होतात ते आठवतंय का? त्यावरून काढता येईल.

निळी_शाई
आठवतंय! वर्ल्ड कपची फायनल आदल्या रात्रीच झाली होती. शनिवारी जाते.