क्लच जड, लिव्हर ढिला, दुसरा गिअर अडतो: गिअरबॉक्स न खोलता काही करता येईल का?

घाटवाटा_पुणे

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं एकदाच सांगतो. गाडी २०१५ ची डिझेल हॅचबॅक, पाच गिअर, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच, ८६,००० किमी, पहिल्या दिवसापासून माझ्याच हातात. इंजिन एकदम ठणठणीत, अ‍ॅव्हरेजही पूर्वीसारखंच, पण गेल्या सहा-आठ महिन्यांत चालवायची मजाच गेलीय.

क्लच पेडल नवीन असताना होतं त्यापेक्षा चांगलंच जड झालंय, चांदणी चौकातून हिंजवडीला पोचेपर्यंत डावी पोटरी भरून येते. शिवाय क्लच अगदी तळाला पकडतो, पाय जमिनीवरून जरासा उचलला की गाडी हलायला लागते. सकाळी पहिले दोनेक किलोमीटर दुसरा गिअर अडतो, जोर लावून टाकावा लागतो, आणि रिव्हर्स टाकताना तर पार्किंगभर खर्रर्र आवाज घुमतो. लिव्हर इतका ढिला झालाय की न्यूट्रलला डावी-उजवीकडे वाटीतल्या चमच्यासारखा फिरतो. मागच्या महिन्यात ताम्हिणी उतरताना चौथ्यावरून तिसरा टाकायला गेलो आणि पाचवा पडला, ऐन वळणावर गाडी इंजिनावर थांबेचना, सगळा भार ब्रेकवर. मागे मुलगी झोपली होती. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

गॅरेजमध्ये दाखवली तर गाडीखाली वाकून न बघताच "गिअरबॉक्स खोलायला लागेल" म्हणाले. एक मित्र म्हणतो शॉर्ट शिफ्टर (लिव्हरचा पल्ला कमी करणारा पार्ट) आणि वजनदार नॉब टाक, फील बदलून जाईल. मला स्वतः हात काळे करायला आवडतं, जॅक, पाना-पकड सगळं घरी आहे. सुरुवात कुठून करू?

पाना_कोल्हापूर

भावा, गिअरबॉक्स खोलायचं तूर्त विसर. आधी दोन मिनिटांची टेस्ट कर. इंजिन बंद ठेवून क्लच दाब आणि सगळे गिअर टाकून बघ, रिव्हर्ससकट. मग इंजिन चालू करून तेच परत कर. बंद असताना मऊ पडतात आणि चालू केल्यावर अडतात म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीय, प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला) घासत राहतीय आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरतच राहतोय, मग गिअरमधल्या सिंक्रोनायझर रिंगला (सिंक्रो) त्याचा वेग जुळवायलाच मिळत नाही. दोन्ही वेळेला सारखंच अडतंय तर दोष गिअरच्या केबल नाहीतर त्यांच्या टोकाच्या बुशमध्ये बघायचा.

रिव्हर्सचं वेगळं. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, त्यामुळे क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग टाकायचा. थांबूनही खर्रर्र करतोय तर क्लच ओढतोय हे नक्की. तू म्हणतोस क्लच तळाला पकडतो, त्यावरून मला तरी लाईनमध्ये हवा शिरलीय नाहीतर मास्टर (पेडलकडच्या) किंवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलिंडरचं रबर गेलंय असं वाटतं. पेडलच्या वर जिथे रॉड आत जातो तिथे बोट फिरव, ओल लागली तर मास्टर गळतोय. गिअरबॉक्सवर स्लेव्ह बाहेरून दिसत असेल तर त्याचा रबरी बूट जरा उचलून बघ.

आता लिव्हर. लिव्हरखालून दोन केबल गिअरबॉक्सपर्यंत जातात, एक पुढे-मागे करायला आणि एक डावी-उजवीकडे. प्रत्येक केबलच्या टोकाला गोळी असते आणि ती प्लास्टिकच्या नाहीतर रबराच्या बुशमध्ये बसलेली असते. इंजिनाची उष्णता खाऊन खाऊन तो बुश कडक होतो आणि त्याचा भुगा पडतो. एअर फिल्टरचा डबा काढ, कुणालातरी आत बसवून लिव्हर हलवायला सांग आणि तू गिअरबॉक्सवरच्या पट्टीकडे बघ. केबल हलतीय पण पट्टी अर्धा-पाऊण इंच जागची हलत नाही, तेवढाच तुझा ढिलेपणा. आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला की लिव्हर स्वतःहून पुढे-मागे उडत असेल तर इंजिन माउंटिंगही बघ.

शॉर्ट शिफ्टर टाकू नको. लिव्हरचा पल्ला कमी केला की हाताला जोर जास्त लागतो, तरफेचा साधा नियम आहे. आधीच अडणाऱ्या दुसऱ्या गिअरला तू अजून जड करून ठेवशील, आणि फुटका बुश तसाच राहील.

घोडबंदर_रोज

मी ठाण्यात रोज तीस-पस्तीस किमी चालवते, गाडी वेगळी आहे पण तळाला पकडणारा क्लच मीही वर्षभर सोसलाय. सगळ्यात आधी पायाखालचं मॅट बघा! मूळ कार्पेटवर फोम, त्यावर जाड रबरी मॅट आणि पावसाळ्यात त्यावर अजून एक, अशी माझ्याकडे चळत होती. मॅट काढल्यावर पेडल बोटभर जास्त खाली गेलं आणि रिव्हर्सचा आवाज त्याच दिवशी निम्म्यावर आला. आज संध्याकाळीच काढून बघा.

दुसरं, क्लचचं ऑइल म्हणजे ब्रेक फ्लुइडच असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. ब्रेकचं दोनेक वर्षांनी बदलतात तेव्हाही क्लचच्या लाईनला बऱ्याचदा कुणी हातच लावत नाही. माझ्या गाडीत डबी एकच आहे, वर बघितलं तर फ्लुइड बरं दिसायचं, पण क्लचच्या ब्लीड निपलमधून (हवा काढायच्या तोटीतून) आलं ते काळाकुट्ट, कोऱ्या चहासारखं, खाली गाळ. अशा एकत्र डबीत क्लचची नळी वरच्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे फ्लुइड कमी झालंच तर हवा आधी क्लचमध्ये जाते आणि ब्रेक शाबूत राहतो. म्हणून लेव्हल खाली गेलेली दिसली तर नुसती वरून भरून गप्प बसू नका, ब्रेक पॅड झिजलेत की कुठे गळतंय ते शोधा.

बदलताना फ्लुइडचा ग्रेड डॉट ३ की डॉट ४ ते झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घ्या, आणि रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उचलतं ते. हवा काढताना पेडल वर येत नाही, तळालाच राहतं, ते हाताने वर ओढायला लागतं, घाबरू नका.

आणि सीट! क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. मी सीट फार मागे घेऊन बसायचे, पाय ताणून दाबायचे, त्यामुळे पेडल पूर्ण जातच नव्हतं आणि गुडघाही दुखायचा.

डिझेलवाला_नाशिक

वरच्या दोघांचं बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली, जडपणा. हवा शिरली तर पेडल पोकळ लागतं, जड होत नाही. दादा, तुमचं पेडल जड झालंय म्हणजे क्लच सेट (प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग) झिजलाय हीच शक्यता जास्त. प्लेट झिजून पातळ झाली की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते, तिच्यावरच्या डायफ्राम स्प्रिंगची बोटं बेअरिंगच्या बाजूला वर येतात आणि तीच स्प्रिंग दाबायला जास्त ताकद लागते. काही गाड्यांत झीज आपोआप भरून काढणारा क्लच असतो तिथे एवढा फरक पडत नाही. ८६,००० किमी आणि हिंजवडीचं हाफ क्लच ट्रॅफिक, त्यात सेट थकणारच. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे रोग एकत्र आलेत, एकाच औषधाने दोन्ही जातील अशी अपेक्षा ठेवू नका.

स्लिप होतोय का ते बघा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरला कमी स्पीडवरून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, आरपीएम वर पळाला आणि गाडी मागेच राहिली तर प्लेट संपली. तसं नसेल तर घाई नाही.

सकाळी दुसरा अडतो त्याला गिअर ऑइल. थंड ऑइल घट्ट असतं, गरम झाल्यावर गिअर मऊ पडतो म्हणजे सिंक्रो अजून जिवंत आहे. ग्रेड मॅन्युअलमध्ये बघून तंतोतंत तोच भरा. इथे कळकळीने सांगतो, दुकानदार म्हणेल गिअर ऑइलचा जीएल-५ हा दर्जा जीएल-४ च्या वरचा, तेच घ्या. ऐकू नका. जीएल-५ मधली रसायनं डिफरन्शियलच्या दात्यांसाठी असतात. सिंक्रोच्या पितळी रिंगला घासून पकड घ्यायची असते, ऑइल जास्त निसरडं असलं की रिंग पकडच घेत नाही, आणि काही अ‍ॅडिटिव्ह पितळही खातात. मॅन्युअल जीएल-४ म्हणतंय तर जीएल-४ च.

ऑइल काढताना आधी भरायचा नट सैल होतोय का ते बघायचं, मगच खालचा ड्रेन नट खोलायचा. खालून सगळं ऑइल काढलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच उभी. गाडी सपाट जागेवर, स्टँडवर चारही बाजूंनी समान उचललेली हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कृपा करून कोणी जाऊ नका.

घाटवाटा_पुणे

मंडळी, दोन रविवार घालवले, आता रिपोर्ट देतो.

मॅट काढलं. माझ्याकडेही दोन होती, खालचं तर चार वर्षांत कधी उचललंच नव्हतं. इंजिन बंद-चालूची टेस्ट केली, बंद असताना रिव्हर्स आणि पहिला एकदम मऊ, चालू केल्यावर अडतात, म्हणजे पानादादांचा अंदाज बरोबर. मास्टरपाशी ओल नाही, स्लेव्हचा बूट कोरडा. मग फ्लुइड बदललं, बायको पेडलवर आणि मी खाली, ती "दाबलंय" म्हणाली की मी निपल सैल करायचो. पारदर्शक नळी लावली होती त्यातून पहिल्या पाच-सहा वेळेला काळं पाणीच आलं, मग बारीक बुडबुड्यांची माळ, आणि अर्ध्या तासाने स्वच्छ पिवळसर. क्लच आता तळापासून चांगला वर पकडतो. तीन सेकंद थांबलं की रिव्हर्स निमूट पडतो.

लिव्हरचं तर विचारू नका. डावी-उजवीकडच्या केबलच्या टोकाला हात लावला आणि बुश बोटांत चुरा होऊन आला, कडक झालेल्या खोबऱ्यासारखा. गोळी नुसती त्या भोकात लोंबकळत होती. जुना मोकळा लोखंडी कप ब्रशने घासला, नवीन बुश गरम पाण्यात टाकून मऊ केला आणि अंगठ्याने दाबून बसवला, टक्क आवाज आला. लिव्हर हातात घेतला आणि क्षणभर दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसल्यासारखं वाटलं. तिसरा आणि पाचवा आता डोळे मिटून सापडतात. कालच ताम्हिणीतून माणगावला जाऊन आलो, उतारावर एकही गिअर चुकला नाही.

ऑइल मॅन्युअलप्रमाणे ७५डब्ल्यू-८० (घट्टपणाचा ग्रेड) जीएल-४ भरलं. ड्रेन नटच्या चुंबकावर काळी बारीक पेस्ट होती, तुकडे नव्हते. सकाळचा दुसरा अजून पहिल्या अर्ध्या किलोमीटरला जरा अडतो पण जोर लावायला लागत नाही.

जड मात्र अजून तेवढंच आहे, नाशिकच्या दादांनी सांगितलं तसंच. स्लिप होत नाहीये. तर सेट आत्ताच बदलू की दिवाळीपर्यंत ढकलू?

पाना_कोल्हापूर

झकास काम केलंस भावा. पेस्ट चालते, तुकडे मिळाले असते तर मात्र काळजी होती.

स्लिप नाही तर ढकल दिवाळीपर्यंत, पण सिग्नलला क्लच दाबून उभा राहू नको, न्यूट्रल करून पाय काढ, रिलीज बेअरिंग (क्लचची स्प्रिंग दाबणारं) तेवढंच जास्त टिकेल. चढावर हँडब्रेक वापर. आणि गाडी चालवताना डावा हात लिव्हरवर टेकवून ठेवायची सवय असेल तर सोड, गिअर सरकवणारा आतला सिलेक्टर फोर्क घासतो त्याने.

सेट बदलशील तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदमच घाल, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा द्यायची नाही. गिअरबॉक्स खाली असताना समोर उभा राहून तीन गोष्टी बघून घे. इंजिनाच्या क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं आहे का, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे आहेत का, आणि क्लच फोर्कच्या (बेअरिंग ढकलणाऱ्या पट्टीच्या) टेकूला नवीन ग्रीस लावलंय का. तो टेकू कोरडा असला तर नवीन सेट घालूनही पेडल जड आणि करकरतं राहतं, हे मी खूप गाड्यांत बघितलंय. स्प्लाइनवर (शाफ्टच्या ज्या खाचांवर प्लेट सरकते तिथे) ग्रीस मात्र बोटाच्या टोकाएवढंच, जास्त लावलं तर फिरताना उडून नव्या प्लेटवर जातं.

घोडबंदर_रोज

आणि बदलल्यावर पहिले काही दिवस घाटात नेऊ नका, शहरात शांतपणे चालवून प्लेट बसू द्या. माणगावला जायचं असेल तर त्या आधीच्या आठवड्यात काम करून घ्या.

घाटवाटा_पुणे

हो ताई, नवरात्रात गाडी उभीच असते, तेव्हाच करतो. फोर्कचा टेकू मी स्वतः उभा राहून बघणार. फोटो टाकतो इथेच.