आउटबॉक्समधला मेल जात नाही, आणि नेटही मधूनच मान टाकतं

प्रश्न
स्पीड टेस्ट कधी ९० एमबीपीएस दाखवते, कधी ६. ६ असताना साधं पान उघडायलाही चक्री फिरत बसते. त्यात मेलचं वेगळंच. येणारे मेल येतात, पण २२ एमबीची पीडीएफ जोडलेला एक मेल आउटबॉक्समध्ये ठाण मांडून बसलाय. मर्यादा तर २५ एमबीची आहे! पासवर्ड परत टाकून झाला. कस्टमर केअरकडून "मॅडम, राउटर रिस्टार्ट करा" ऐकायची आता ताकद नाही.

उत्तर १
वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर ५ वर जा. शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी असते २.४ वर.

प्रश्नकर्ती
लॅपटॉपला थेट केबल लावूनही तेच.

उत्तर २
मग वायफाय सुटलं. आधी दोन ओळींचा मेल स्वतःलाच पाठवा. तोही अडकला तर सेटिंगमध्ये एसएमटीपीचा (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा) पोर्ट क्रमांक बघा. २५ असेल तर ५८७ करा. घरगुती कनेक्शनवर २५ बऱ्याचदा बंदच ठेवतात.

तो गेला तर गुन्हेगार पीडीएफ. जोडलेली फाइल मेलमधून जशीच्या तशी जात नाही, बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, बदलून जाते: ३ बाइटचे ४ होतात. म्हणजे तुमचे २२ एमबी झाले २९च्या पुढे. सर्व्हर नाकारतो, मेल प्रोग्राम हट्टाने पुन्हा चढवायला घेतो. तेवढा वेळ अपलोड तुडुंब. आणि डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच वाटेने जातात, त्या रांगेत अडकल्या की डाउनलोडही रखडतं.

८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) सतत पिंग लावून ठेवा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसेल, आणि मेल प्रोग्राम ऑफलाइन करून बघा.

प्रश्नकर्ती
छोटा मेल लगेच गेला. पिंग ६००च्या घरात होतं, ऑफलाइन केल्याबरोबर १४ मिलीसेकंद! पीडीएफ ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवली. म्हणजे दोन्ही दुखणी एकच निघाली. पण रात्री पिंग परत चढतं, आउटबॉक्स रिकामा असूनही.

उत्तर २
घरातल्या फोनांचा फोटो बॅकअप बघा, बहुतेक चार्जिंगला लावले की सुरू होत असेल. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग तुंबू न देणारी सोय) असेल तर चालू करा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा. नुसतं क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) लिहिलेलं असेल तर फार आशा ठेवू नका, बऱ्याच राउटरांत ते नावालाच असतं.

प्रश्नकर्ती
चिरंजीवांचा फोन. व्हिडिओ चढत होते.