क्वार्टर 205 रुपयांची, त्यात दारू किती नि सरकार किती?

मी सावंतवाडीचा. शनिवारी एक क्वार्टर, एवढाच शौक. नेहमीचीच मागितली, तर दुकानदाराने छापील किमतीवर नुसतं नख आपटलं : 205. पलीकडे गोव्याच्या हद्दीत, पत्रादेवीला, हीच निम्म्यात! हा जीएसटी आहे का?

उत्तर 1
नाही हो, पिण्याची दारू जीएसटीबाहेर. उत्पादन शुल्क राज्याचं, व्हॅटही राज्याचाच. मी वाइन शॉपमध्ये हिशेब लिहायचो, म्हणून सांगतो. जून 2025 मध्ये विदेशी मद्यावरचं (म्हणजे भारतातच बनणारी व्हिस्की, रम वगैरे) शुल्क निर्मिती खर्चाच्या 3 पटींवरून 4.5 पट झालं (लिटरला 260 रुपयांपर्यंतच्या मालाला). समजा, क्वार्टरचा निर्मिती खर्च 20 रुपये. पूर्वी शुल्क 60, आता 90. म्हणजे दारूपेक्षा शुल्कच जास्त! वर व्हॅट, दुकानाचं कमिशन. शिवाय क्वार्टरची (180 मिली) किमान किंमतही सरकारनेच ठरवलीय : देशी 80, नवीन ‘महाराष्ट्र मेड लिकर’ (राज्यातच धान्यापासून बनणारी) 148, विदेशी 205.

उत्तर 2
बिअर-वाइनला ही वाढ नाही. बिअरवर या.

प्रश्नकर्ता
बिअरने पोट फुगतं. मग गोव्याहून दोन बाटल्या आणल्या तर?

उत्तर 1
परवान्याशिवाय नको. सीमेजवळ बांद्याला गाडी तपासतात, गुन्हा दाखल होतो, गाडीही अडकते. माझ्या मेहुण्याची स्कूटर चार महिने आवारात गंजत होती, सीटवर कोंबडी अंडी घालायची.

प्रश्नकर्ता
राहू दे. बायकोला स्कूटर लागते.